डेम्प्सीच्या नावावर नसलेली लढत

१९५० च्या सुरुवातीला असोसिएटेड प्रेसने अमेरिकेतल्या क्रीडापत्रकारांचा कौल घेतला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्धा कोण, असा प्रश्न होता. सर्वाधिक मतं जॅक डेम्प्सीला पडली आणि जो लुईस दुसरा आला. लुईस जवळपास बारा वर्षं हेवीवेट विजेता होता आणि त्याने किताब २५ वेळा राखला होता. डेम्प्सी सात वर्षं विजेता होता. त्याने किताब राखला पाच वेळा, आणि शेवटची तीन वर्षं तर तो पणालाच लावला नाही. त्या सात वर्षांत हॅरी विल्स नावाचा एक कृष्णवर्णीय बॉक्सर त्याच्याशी लढायला मिळावं म्हणून दार ठोठावत राहिला. ती लढत कधी झाली नाही.

शंभर वर्षं उलटली तरी डेम्प्सीच्या थोरवीचा वाद याच नावापाशी येऊन अडतो. वाद घालणारे बहुतेक वेळा एकच विचारतात: डेम्प्सी विल्सला घाबरला होता का? मला हा प्रश्न अपुरा वाटतो. डेम्प्सी भित्रा नव्हता, हे त्याची कुठलीही लढत पाहिलेला माणूस शपथेवर सांगेल. पण विजेत्याच्या हाती एक अधिकार असतो. आपल्यासमोर कोण उभा राहील, हे बऱ्याच अंशी तो ठरवतो. तो अधिकार डेम्प्सीने कसा वापरला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे तपासल्याशिवाय त्याच्या वारशाचा हिशेब पुरा होत नाही.

आधी त्याचं मोठेपण, कारण ते खरं आहे. कोलोरॅडोतल्या मनासा गावात १८९५ साली जन्मलेला हा मुलगा खाणकामगारांच्या वस्त्यांमधून, मालगाड्यांखाली लपून प्रवास करत, दारूच्या गुत्त्यांत पैजेवर मारामाऱ्या करत वर आला. ४ जुलै १९१९ ला ओहायोतल्या टोलेडो शहरात त्याने विजेत्या जेस विलार्डला गाठलं. विलार्ड साडेसहा फुटांचा, त्याच्याहून पन्नासेक पौंडांनी वजनदार. पहिल्याच राउंडमध्ये तो सात वेळा खाली पडला. तिसऱ्या राउंडनंतर त्याच्या कोपऱ्यातून माघार जाहीर झाली. चित्रफीत आजही पाहता येते. वाकून, डोकं सतत हलवत आत शिरायचं आणि डाव्या हाताचा आडवा ठोसा हाणायचा, ही पद्धत हेवीवेट गटात एवढ्या वेगाने आणि एवढ्या जोराने त्याआधी कोणी वापरली नव्हती. १९२१ मध्ये जर्सी सिटीत फ्रान्सच्या जॉर्ज कार्पेंतिएशी झालेल्या लढतीने तिकीटविक्रीत पहिल्यांदा दहा लाख डॉलरचा टप्पा ओलांडला. १९२३ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर अर्जेंटिनाच्या लुईस फिर्पोने त्याला दोरांमधून थेट रिंगबाहेर फेकलं. पत्रकारांच्या टेबलांवर कोसळलेला डेम्प्सी परत वर चढला आणि दुसऱ्या राउंडमध्ये त्याने फिर्पोला संपवलं. जेमतेम चार मिनिटांची ती लढत. तिच्यावर इतकं लिहिलं गेलंय, ते उगीच नाही.

आता विल्स. न्यू ऑर्लीन्सच्या गोदीत हमाली केलेला, सहा फुटांहून उंच, दोनशे पौंडांच्या वरचा हा माणूस प्रतिस्पर्ध्याला मिठीत धरून मोकळ्या हाताने फासळ्या शेकण्यात तरबेज होता. ‘कृष्णवर्णीयांचा जागतिक हेवीवेट किताब’ त्याच्याकडे होता. असा वेगळा किताब असावा लागला, यातच सगळं आलं. १९२० च्या जुलैमध्ये फ्रेड फुल्टन या नामांकित गोऱ्या हेवीवेटला त्याने तीन राउंडमध्ये लोळवलं, आणि आता याला टाळायचं कसं, हा प्रश्न उभा राहिला.

प्रश्न जुना होता. १८९२ साली जॉन एल. सलिव्हनने जगाला आव्हान देताना कृष्णवर्णीयांना त्यातून जाहीरपणे वगळलं. पीटर जॅक्सन तेव्हा ऐन भरात होता. कॅरिबियनमध्ये जन्मलेला आणि ऑस्ट्रेलियात घडलेला जॅक्सन १८९१ मध्ये जेम्स कॉर्बेटशी ६१ राउंड लढला होता आणि लढत अनिर्णित राहिली होती. पुढच्या वर्षी कॉर्बेट सलिव्हनला हरवून विजेता झाला आणि जॅक्सनशी पुन्हा लढला नाही. पुढे विजेता झालेला जेफ्रीज जॅक्सनशी लढला, पण १८९८ मध्ये, जॅक्सन खंगल्यावर. स्वतः विजेता झाल्यावर जेफ्रीजनेही तीच वर्णरेषा आखली. ती पहिल्यांदा पुसली गेली २६ डिसेंबर १९०८ ला सिडनीत. तेव्हाचा विजेता टॉमी बर्न्स याला भरघोस पैसे मिळाले म्हणून तो कृष्णवर्णीय जॅक जॉन्सनसमोर उभा राहिला आणि हरला. गोऱ्या अमेरिकेने निवृत्त जेफ्रीजला घराबाहेर ओढून आणलं. १९१० च्या ४ जुलैला रीनोमध्ये जॉन्सनने त्याची दुर्गत केली आणि त्याच रात्री अनेक शहरांत दंगली उसळल्या. मेलेल्यांत बहुतेक कृष्णवर्णीय होते. १९१२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने बॉक्सिंगच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर बंदी घातली. ती १९४० पर्यंत टिकली. १९१३ मध्ये जॉन्सनला एका गोऱ्या स्त्रीसोबतच्या प्रवासावरून शिक्षा ठोठावली गेली. ती रद्द करणारी माफी मिळायला २०१८ साल उजाडलं.

रीनोची ती लढत भरवणारा आणि तिचा पंच, दोन्ही एकच माणूस होता: टेक्स रिकर्ड. पुढे डेम्प्सीच्या मोठ्या लढती भरवणाराही तोच. विल्सचं प्रकरण समजून घ्यायचं तर ही गाठ ध्यानात ठेवावी लागते. रीनोनंतर काय घडलं, हे रिकर्डने डोळ्यांनी पाहिलं होतं. कृष्णवर्णीय विजेता झाला तर किताबाचा बाजार बसेल, सरकार धंद्यावर वरवंटा फिरवेल, ही भीती त्याच्या मनात पक्की होती. ‘रिंग’ मासिकाची पहिली वार्षिक क्रमवारी, जी १९२५ मध्ये छापली गेली, तीही रिकर्डनेच तयार केली होती. लढती भरवणारा, पैसा लावणारा आणि कोण कितवा हे सांगणारा, सगळं एकाच घरात. अशा व्यवस्थेत विल्सला न्याय कोणाकडे मागायचा होता?

डेम्प्सीने सुरुवात वाईट केली. विलार्डला हरवून दोन दिवसही झाले नव्हते, तोच त्याने कृष्णवर्णीयांची आव्हानं स्वीकारणार नसल्याचं वृत्तपत्रांत छापून आलं. विजेता होण्याआधी मात्र तो कृष्णवर्णीयांशी लढला होता. १९१६ मध्ये न्यूयॉर्कला जॉन लेस्टर जॉन्सनने त्याच्या बरगड्या मोडल्या होत्या. टोलेडोच्या सरावतळावर बिल टेटसारखे धिप्पाड कृष्णवर्णीय साथीदार रोज त्याचे ठोसे खात होते. म्हणजे सरावाला चालतं, लढाईला चालतं, फक्त किताब पणाला असला की चालत नाही. अडचण कातड्याच्या स्पर्शाची नव्हती, सत्तेच्या हस्तांतराची होती.

पुढची सात वर्षं आश्वासनांची. १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मुष्टियुद्ध आयोगाने विल्सचं आव्हान ग्राह्य धरलं आणि दोघांनी करारावर सह्या केल्या. करारात ना तारीख होती, ना ठिकाण. १९२४ साठी जर्सी सिटीतल्या लढतीची तिकिटंही छापली गेली. त्यांचे नमुने आज संग्राहकांकडे आहेत. लढत झाली नाही. १९२५ मध्ये मिशिगनचा एक प्रमोटर, फ्लॉइड फिट्झसिमन्स, पुढे आला. पुन्हा सह्या झाल्या, पुढच्या वर्षीच्या लढतीसाठी. विल्सला ५०,००० डॉलर आगाऊ मिळाले. डेम्प्सीचं म्हणणं असं की त्याच्या वाट्याचा पैसा बँकेत नव्हताच, म्हणून त्याने करार सोडला. १९२६ मध्ये डेम्प्सीने जीन टनीशी लढायचं ठरवलं, तेव्हा न्यूयॉर्क आयोगाचे जेम्स फार्ली आडवे आले. आधी विल्स, मग दुसरा कोणी, ही त्यांची भूमिका. रिकर्डने लढत उचलून फिलाडेल्फियाला नेली. २३ सप्टेंबर १९२६ ला लाखाहून जास्त लोकांसमोर भर पावसात डेम्प्सी दहा राउंडमध्ये गुणांवर हरला आणि किताब गेला. किताबासोबत विल्सची सातही वर्षं गेली.

डेम्प्सीच्या बाजूने बोलणारे या घटनाक्रमातून त्याला सोडवतात ते असं: त्याने दोनदा सही केली. पैसे लावणारे नव्हते, राजकारणी लढत होऊ देत नव्हते. मॅनेजर जॅक कर्न्स आणि रिकर्ड यांनी पडद्यामागे काय ठरवलं, यावर पंचविशीतल्या अर्धशिक्षित पोराचा काय ताबा? यात तथ्य आहे. न्यूयॉर्कच्या वरच्या वर्तुळातून आपल्यावर दबाव होता, असं रिकर्ड सांगत असे, आणि रीनोचा इतिहास पाहता ते अशक्य वाटत नाही. उतारवयात डेम्प्सी विल्सविषयी आदरानेच बोलला. माणूस म्हणून तो द्वेष्टा नव्हता, हे मला मान्य आहे.

पण शेल्बीचं काय? मोंटानातलं तेलाच्या आशेवर वाढलेलं हे छोटं गाव. १९२३ मध्ये तिथल्या पुढाऱ्यांनी गावाचं नाव व्हावं म्हणून डेम्प्सी आणि टॉमी गिबन्सची लढत मागितली. कर्न्सने तीन लाख डॉलरची अट घातली, ४०,००० लोकांसाठी लाकडी स्टेडियम उभं राहिलं, तिकीट काढून आले जेमतेम सात हजार. डेम्प्सीचे बहुतेक पैसे पोहोचले. गिबन्स पंधरा राउंड टिकला आणि जवळपास रिकाम्या हाताने परतला. पाठोपाठ तिथल्या बँका बुडाल्या. एका गावाला कर्जात लोटून, रेल्वेच्या फाट्यावर, एका हलक्या प्रतिस्पर्ध्याशी लढत उभी राहू शकते, आणि सगळा देश जिची वाट पाहतोय तिच्यासाठी मैदान मिळत नाही, हे मला पटत नाही. त्यातही किताब राखण्यासाठीची डेम्प्सीची पहिली लढत आठवा. १९२० मध्ये तो बिली मिस्केशी लढला. मिस्केला मूत्रपिंडाचा असाध्य आजार होता, कर्ज झालं होतं, आणि मित्राला पैसे मिळावेत म्हणून डेम्प्सीने ती लढत दिली. कृती मोठ्या मनाची होती, याबद्दल दुमत नाही. पण तिच्यातून एक गोष्ट सिद्ध होते: कोणाला संधी द्यायची, यावर डेम्प्सीचा शब्द चालत होता. १९२३ च्या सप्टेंबरनंतरची तीन वर्षं हॉलिवूड, लग्न, कर्न्सशी भांडण आणि कोर्टकचेरीत गेली. त्या तीन वर्षांत ‘विल्सशिवाय मी कोणाशीच लढणार नाही’ असं एकदा ठणकावून म्हटलं असतं, तर रिकर्डला पर्याय उरला नसता. सारी अमेरिका डेम्प्सीचे खेळ पाहायला आतुर होती. एवढं वजन दुसऱ्या कुठल्या खेळाडूकडे तेव्हा होतं?

विल्सकडेही दोष आहेत आणि ते झाकून त्याची बाजू बळकट होत नाही. १९२४ मध्ये फिर्पोला त्याने बारा राउंड हरवत नेलं, खाली पाडलं, पण संपवू शकला नाही. डेम्प्सीने ज्याला चार मिनिटांत आडवा केला, त्याच्याशी हा बारा राउंड चिवटपणे कुस्ती खेळतो, हे पाहून बरेच पत्रकार त्याच्यावरून उतरले. डेम्प्सी हरल्याच्या पुढच्याच महिन्यात जॅक शार्कीविरुद्ध विल्स निष्प्रभ ठरला आणि बेकायदा ठोशांमुळे बाद झाला. १९२७ मध्ये पाउलिनो उझकुदुनने त्याला नॉकआउट केलं. तेव्हा तो पस्तिशीच्या पुढचा होता. या शेवटच्या पराभवांकडे बोट दाखवून ‘पाहा, तो काही एवढा नव्हताच’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. माणसाला उमेदीची वर्षं ताटकळत ठेवायचं आणि तो थकल्यावर त्याचं मोजमाप करायचं, हा न्याय नाही. पीटर जॅक्सनच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं.

या सगळ्या इतिहासातला मला सर्वांत जास्त बोचणारा भाग विल्सचा नाही, सॅम लँगफर्डचा आहे. कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातला हा बुटका, रुंद खांद्यांचा माणूस १९०३ मध्ये लाइटवेट विजेत्या जो गान्सला हरवून गेला, वेल्टरवेट विजेत्या जो वॉल्कॉटशी बरोबरीत सुटला, आणि तिथून थेट हेवीवेटांमध्ये शिरला. १९०६ मध्ये जॅक जॉन्सनने त्याला पंधरा राउंडमध्ये हरवलं. लँगफर्ड तेव्हा जवळपास तीस पौंडांनी हलका होता. दोन वर्षांनी जॉन्सन विजेता झाला, लँगफर्ड भरात आला, आणि जॉन्सनने त्याला किताबाची एकही संधी दिली नाही. दोन कृष्णवर्णीयांच्या लढतीला गल्ला जमत नाही, हे कारण. ज्याने स्वतः वर्णरेषा ओलांडण्यासाठी बर्न्सचा जगभर पाठलाग केला, त्याने दार मागून लावून घेतलं. १९१३ मध्ये पॅरिसला त्याने किताबासाठी एका कृष्णवर्णीयाला समोर घेतलं खरं, पण तो बॅटलिंग जिम जॉन्सन होता. लँगफर्ड, जो जेनेट आणि सॅम मॅकव्हे बाहेरच राहिले. हे तिघे आणि विल्स मग एकमेकांशीच पुन्हा पुन्हा लढत राहिले. विल्स आणि लँगफर्ड पंधराहून अधिक वेळा भिडले, आणि त्यांतल्या दोन लढतींत लँगफर्डने विल्सला नॉकआउट केलं. दुसऱ्या कोणाकडून बोलावणंच येत नव्हतं.

डेम्प्सीने उतारवयातल्या आत्मकथनात कबूल केलं की उमेदवारीच्या काळात त्याला लँगफर्डशी लढायची संधी आली होती आणि आपण मार खाऊ हे ठाऊक असल्याने त्याने ती नाकारली. कबुली प्रांजळ आहे. १९१६ मधला कोवळा डेम्प्सी नाही म्हणाला, यात काहीच गैर नाही. नवख्याने नाही म्हणणं आणि विजेत्याने नाही म्हणणं यांत फार अंतर आहे. लँगफर्डची दृष्टी गेली. १९४४ मध्ये अल लेनी या पत्रकाराला तो हार्लेममधल्या एका खोलीत आंधळा आणि निष्कांचन सापडला. लेख छापून आला, वाचकांनी निधी जमवला आणि उरलेली वर्षं त्याला पोटापुरतं मिळालं. १९५६ मध्ये तो गेला. ‘रिंग’चे संपादक नॅट फ्लाइशर यांनी केलेल्या हेवीवेटांच्या सर्वकालीन यादीत जॉन्सन पहिला, डेम्प्सी चौथा आणि जागतिक हेवीवेट किताबासाठी कधीही न लढलेला लँगफर्ड सातवा आहे.

न झालेल्या सगळ्याच लढती एका मापाने मोजू नयेत, हे इथे सांगायला हवं. मुहम्मद अली आणि क्यूबाचा तेओफिलो स्टीव्हन्सन यांची लढत झाली नाही, कारण क्यूबात व्यावसायिक खेळावर बंदी होती आणि स्टीव्हन्सनने देश सोडायला नकार दिला. त्यात अलीचं काही उणं होत नाही. लिस्टन, फ्रेझर, फोरमन, नॉर्टन या सगळ्यांसमोर तो उभा राहिला. रिडिक बोचं प्रकरण वेगळं. सोल ऑलिम्पिकच्या अंतिम लढतीत लेनॉक्स लुईसने त्याला हरवलं होतं. १९९२ मध्ये लुईस रीतसर पहिला दावेदार ठरला, तेव्हा विजेत्या बोने पत्रकारांसमोर डब्ल्यूबीसी या संघटनेचा पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला. पट्टा फेकता आला, प्रश्न फेकता आला नाही; बोचं नाव निघालं की आजही तो डबा आठवतो. मेवेदर आणि पॅकियाओ शेवटी २ मे २०१५ ला लढले, विक्रमी कमाई झाली, पण लोकांना हवी असलेली लढत पाच वर्षं आधीची होती. या आधुनिक उदाहरणांत पैसा, अहंकार, टीव्हीचे करार असं सगळं आहे. लेनॉक्स लुईसला मात्र पुढे तो किताब मिळाला, पॅकियाओला आधीच आठ गटांत मान मिळाला होता. विल्स आणि लँगफर्डला दुसरं दारच नव्हतं. जॅक जॉन्सनने किताब गमावल्यावर कृष्णवर्णीयाला हेवीवेट किताबासाठी लढायला मिळालं ते २२ वर्षांनी, १९३७ मध्ये, जो लुईसला. म्हणून या लढतीचं न होणं मला इतर सगळ्यांपेक्षा गंभीर वाटतं.

डेम्प्सी आणि विल्स लढले असते तर कोण जिंकलं असतं? १९२२ किंवा १९२३ मध्ये माझं मत डेम्प्सीच्या पारड्यात जाईल. विल्सला मिठीत शिरून लढायची सवय होती, आणि त्या अंतरावर डेम्प्सीइतका घातक माणूस त्या काळात नव्हता. विल्सचा उंच, ताठ पवित्रा डाव्या आडव्या ठोशाला उघडा पडायचा. आठव्या राउंडच्या आत निकाल लागला असता, असा माझा अंदाज. डेम्प्सीचे चाहते हाच अंदाज त्याच्या बचावासाठी वापरतात: जिंकणारच होता, मग टाळली कशाला म्हणता? मला तो उलट आरोप वाटतो. जिंकण्याची एवढी खात्री असताना नकार देणं म्हणजे समोरच्याला हरण्याचीसुद्धा जागा न देणं.

कारण डेम्प्सीकडून हरणाऱ्यांचं काय झालं ते पाहा. फिर्पो अर्जेंटिनाचा नायक झाला. जॉर्ज बेलोजने त्याला डेम्प्सीला रिंगबाहेर फेकताना रंगवलं, ते १९२४ चं चित्र न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात आहे, आणि ब्वेनोस आयरेसच्या रेकोलेता दफनभूमीत त्याच्या थडग्यासमोर त्याचा पुतळा उभा आहे. कार्पेंतिए हरूनही फ्रान्सचा लाडका राहिला. पंधरा राउंड टिकल्याच्या कीर्तीवर गिबन्सचं नाव आयुष्यभर चाललं आणि पुढे तो मिनेसोटात शेरीफ म्हणून निवडून आला. खुद्द डेम्प्सीलाही टनीकडून दोनदा हरल्यावरच लोकांचं खरं प्रेम मिळालं. त्याआधी पहिल्या महायुद्धात भरती टाळल्याच्या आरोपावरून, न्यायालयाने निर्दोष सोडूनही, प्रेक्षक त्याची हुर्यो उडवायचे. विल्सच्या वाट्याला या न झालेल्या लढतीतून आले ते मिशिगनच्या करारातले ५०,००० डॉलर. बॉक्सिंगच्या कमाईतून त्याने हार्लेममध्ये घरं घेतली, ती भाड्याने दिली आणि १९५८ मध्ये वारला तेव्हा तो चांगला सुस्थितीत होता. आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये डेम्प्सी आणि लँगफर्ड १९९० सालच्या पहिल्या तुकडीत गेले, विल्स १९९२ मध्ये.